पाकळी चिकटेना

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो, पण नुसता दगड म्हणाल तर मला राग येईल. मी वीरगळ आहे. लढताना कामी आलेल्या माणसाची आठवण म्हणून आम्हाला गावाच्या वेशीवर उभं करत. माझ्या अंगावर एकावर एक तीन चित्रं कोरली आहेत. वर तो वीर शंकराची पूजा करतो, मधे अप्सरा त्याला स्वर्गात नेतात आणि खाली तो कसा मेला ते. हे खालचं चित्र मात्र मातीत गेलं. शेजारचा रस्ता दर डांबरीकरणाला उंच होत गेला आणि मी कमरेपर्यंत पुरलो.

आमचं हे भरे नावाचं गाव माझी ओळख विसरलं. त्यांनी मला म्हसोबा केलं. माझी तक्रार नाही. तेल मिळालं, फुलं मिळाली, मान मिळाला. लोक माझ्याकडे कौल मागू लागले. भिजवलेल्या दोन पाकळ्या माझ्या छातीवर चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. विहीर कुठे खणायची, सोयरीक कुठे जमवायची, सगळं मला विचारून! पाकळ्या लावायचं काम म्हाताऱ्या गेणबाकडे होतं.

मग किशोरला माझी दया आली. पिरंगुटला कारखान्यात नोकरी, हात सढळ, मन चांगलं. जत्रेआधी त्याने शेंदरी ऑइलपेंटचा डबा आणला आणि मला चोपडून काढलं. "बगा, देव कसा चमाकतोय!" अहो, चमकतोय कसला! माझा जीव गुदमरला. दर जत्रेला नवा हात बसायचा. अप्सरांची नाकं बुजली, वीराची मिशी गेली.

आणि कौल बंद पडला. पाकळ्या लावल्या रे लावल्या की दोन्ही एकदमच घसरायच्या. "देव रुसलाय," गेणबा म्हणायचा. मी आतल्या आत ओरडत होतो, बाबांनो, मी रुसलो नाही, मला चोपडलंय! पण दगडाचं ऐकतो कोण?

अशात किशोरची पुतणी अपेक्षा गावी आली. ती पुण्याला इतिहासात एम.ए. करत होती. मला वाटायचं, सनावळ्या घोकल्या की झाली पदवी. छे! चार सत्रं, त्यांचे श्रेयांक, हजेरी, आणि शेवटी स्वतः शोध घेऊन लिहिलेला लघुप्रबंध. वर त्याची तोंडी परीक्षा. तिने विषय म्हणून मलाच निवडलं होतं. पण माझं पुरलेलं चित्र तिने इतर वीरगळांवरून अंदाजानेच लिहून टाकलं, आणि तिच्या मार्गदर्शक सुलक्षणा मॅडमनी ते प्रकरण परत केलं. "डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच लिही," त्या म्हणाल्या. मुदत महिनाअखेरची होती. ती हुकली की पदवी लांबणार.

म्हणजे माती काढायला हवी होती. "कौलाबिगर देवाच्या पायाला कुदळ लावू देनार न्हाई," गेणबाने बजावलं. कौल लावला, घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. "पोरी, देवच बोलंना, मी काय करू?" म्हातारा कळवळून म्हणाला. अपेक्षा रडकुंडीला आली आणि माझ्यामागे जाऊन बसली. माझी पाठ कोरी होती, कारण दिसेल तेवढंच रंगवायचं ही किशोरची रीत. हातातली ओली पाकळी तिने उगीच माझ्या पाठीवर दाबली. ती चिकटली!

"आबा, हितं बगा! देव रुसला न्हाई, रंग निसरडा हाय!"

गेणबाने किशोरकडे पाहिलं. किशोर लालबुंद झाला. "भारीतला रंग हाय त्यो," एवढंच पुटपुटला, घरी गेला आणि पटाशी घेऊन आला.

"नाना, थांबा! रंगासंगं नाक जाईल त्याचं!" अपेक्षाने काकाला अडवलं.

मग मॅडमनी जाणकाराला विचारून रंग मऊ करणारा लेप पाठवला. काका-पुतणी बांबूच्या काड्या घेऊन माझ्यापुढे बसले. रोज थोडं थोडं करून माझं अंग मोकळं झालं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! गेणबाने पाकळ्या लावल्या. त्या चिकटल्या. सगळे श्वास रोखून उभे. उजवी पडली. ती कोण पाडतं, ते खरं सांगतो, मलाही ठाऊक नाही.

माती काढली. खाली गायी होत्या. त्यांच्यापुढे तलवार उगारलेला तो, आणि शेजारी पडलेलाही तोच. किशोर गुडघ्यावर बसला. "आपल्याच घरातला आसनार ह्यो. अपे, लिही की आपलं नाव."

"नाना, कुटं लिवलेलं न्हाई. कसं लिहू?"

"घरच्यासाटी एवढं बी न्हाई व्हय?" तो ताडकन उठून गेला. पुढे तो तिच्याशी बोलेना. पोरगी कष्टी झाली, पण नाव तिने घातलं नाही.

तोंडी परीक्षा देऊन ती थेट माझ्याकडे आली. गेणबाला सांगू लागली, "परीक्षकांनी पयलंच इचारलं, ह्या वीराचं नाव काय? मी म्हनलं, म्हाईत न्हाई. आबा, मी पास झाले!" किशोर रस्त्याच्या कडेला उभा राहून ऐकत होता.

यंदा जत्रेला तो आला तेव्हा हातात डबा नव्हता. त्याने तेल वाहिलं, गायींवरची धूळ पुसली आणि हात जोडून म्हणाला, "आमचा आस, न्हाईतर कुनाचा बी आस. गायींसाटी मेलास, बाबा." माझ्या एवढ्या आयुष्यात मला कुणी असं ओळखलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्याही वेशीवर माझा एखादा भाऊबंद उभा असेल. त्याला फूल वाहा, पण रंग फासू नका. त्याच्यावरच्या वीराचं नाव कुणी विचारलं तर बिनदिक्कत सांगा, माहीत नाही. मी माझ्या वीराला इतकी वर्षं अंगावर वागवतोय, पण कोरणाऱ्याने नाव घातलं नाही, आणि ते मलाही माहीत नाही.