एका घावाचा कोयता

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे. म्हातारी हत्यारं आपली कहाणी सांगताना डोळ्यांत पाणी आणतात, असं तुम्ही वाचलं असेल. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला राग आला आहे, आणि तो गिळून गोड बोलण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

माझा जन्म शिरपूरकडच्या एका गावात, अभिमनआबा लोहाराच्या भट्टीत झाला. त्याआधी मी एका ट्रकचा कमानपाटा होतो. आबांनी मला तापवलं, ठोकलं, टोकाशी वाकवलं आणि शेवटी पाणी दिलं. पाणी देणं म्हणजे लालभडक पातं नेमक्या क्षणी पाण्यात बुडवून त्याला कडक करणं. क्षणभर उशीर झाला तर पातं मऊ राहतं, धार टिकत नाही. आबांचा तो क्षण कधी चुकला नाही. मग त्यांनी मला बाभळीची मूठ बसवली.

तिथेच जीवरामने मला निवडलं. जीवराम केळी कापणाऱ्या टोळीतला माणूस. समोर आठ कोयते होते. चकचकीत होते ते त्याने बाजूला सारले. प्रत्येकाचं वजन हातात तोलून पाहिलं, पात्यावर दगडाने टिचकी मारून आवाज ऐकला, मूठ पिळून पाहिली. माझा आवाज खणखणीत निघाला. तो मला घेऊन निघाला तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! आज तो आठवला की स्वतःचाच राग येतो.

आमची टोळी सावदा, फैजपूर, रावेरपर्यंत जायची. केळीचा घड कसा उतरवतात ते तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. आधी कोयत्याने खोडाला वर अर्धा छेद द्यायचा. झाड हळूहळू वाकतं आणि घड खाली येतो. खाली एक माणूस खांद्यावर गोणपाटाची घडी ठेवून उभा असतो. घड त्याच्या खांद्यावर टेकला की कापणाऱ्याने वरचा दांडा तोडायचा, एका घावात. दुसरा घाव घालायची वेळ आली की घड हलतो, माणूस डगमगतो, आणि कोयता त्याच्या मानेपासून वीतभर अंतरावर फिरत असतो.

जीवरामच्या घडाखाली हिलाल उभा राहायचा. हिलाल म्हणजे जीवरामच्या बायकोचा, कुंदाबाईचा, धाकटा भाऊ. बारा वर्षं तो माझ्याखाली उभा राहिला आणि बारा वर्षांत त्याने एकदाही वर पाहिलं नाही. इतका त्याचा विश्वास. जीवरामही तेव्हा विश्वास ठेवण्याजोगा होता. रोज सकाळी पाण्याने भिजवलेल्या दगडावर मला घासायचा, दोन्ही अंगांनी सारखं. मग अंगठ्याच्या नखावर धार टेकवून पाहायचा. नखावर घसरली तर पुन्हा दगड, रुतली तर कामाला. संध्याकाळी केळीचा काळा चीक पुसून तेलाचं बोट फिरवायचा. मला आणखी काय हवं होतं?

मग तो दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. जीवरामच्या डोक्यात आलं की यंदा पाटावर कोयता झळकला पाहिजे. आदल्या दिवशी तो मला आबांकडे घेऊन गेला. तिथे विळे-कोयत्यांचा ढीग पडलेला. आबा म्हणाले, "परवा ये. घाई करशी ते पाणी जाई." हा थांबला नाही. तडक फाट्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात गेला आणि मला ग्राइंडरखाली धरायला लावलं.

मित्रांनो, त्या चक्रीखाली माझं काय झालं ते सांगतो. ठिणग्या उडाल्या, पातं तापत गेलं, एकदाही कोणी पाण्यात बुडवलं नाही. धारेच्या कडेने निळी रेघ उठली. आबांनी दिलेलं पाणी त्या दोन मिनिटांत जळून गेलं. वरून मी आरशासारखा दिसत होतो आणि धारेत जीव नव्हता. पूजेच्या वेळी कुंदाबाईने विचारलं, की ही निळी रेघ कसली? जीवरामने सांगून टाकलं, की ती पॉलिशची आहे. तिने त्या रेघेवरच हळद-कुंकू वाहिलं. मला हार घातला, नमस्कार केला. ज्याला आदल्या दिवशी भाजून काढलं त्यालाच दुसऱ्या दिवशी नमस्कार! संताप येणार नाही तर काय?

दोन दिवसांनी रावेरजवळच्या एका मळ्यात काम लागलं. जीवरामने त्या सकाळी नखावर धार पाहिली नाही. एवढा चमकतोय, मग पाहायचं काय, असं त्याला वाटलं. पहिले वीस-पंचवीस घड मी कसेबसे तोडले. मग मऊ धार दुमडायला लागली. एकेका दांड्याला दोन-दोन घाव लागू लागले. घडाखालून हिलाल म्हणाला, "दाजी, दोन घाव पडी राह्यनात. दगडवर घासी ल्या."

"गाडी उभी शे," जीवराम म्हणाला. "एवढी ओळ हुई जाऊ दे, मंग घाससू."

पुढच्याच घडाला मी दांड्यात अर्ध्यावर अडकलो. त्याने मला उपसून जोरात दुसरा घाव घातला. घड हलला, मी दांड्यावरून उसळलो आणि हिलालच्या डाव्या खांद्यात उतरलो. बारा वर्षांत त्या माणसाला माझा ओरखडा लागला नव्हता.

हिलाल वाचला, पण खांद्याची शीर तुटली. डावा हात छातीच्या वर जाईना. घड वाहणाऱ्याचा खांदाच गेला, तर त्याने कामावर जायचं कशाच्या जोरावर? आणि जीवराम? दवाखान्यात, घरी, टोळीत, जो भेटेल त्याला सांगत सुटला की कोयता निसटला. कुंदाबाई म्हणाली, "हाऊ कोयता मना घरमा नको." मला सरपणाच्या ढिगामागे भिरकावून दिलं. धार याने जाळली, दगड याने टाळला, आणि अपशकुनी मी! दोन महिने मी तिथे गंजत पडलो होतो आणि रागाने नुसता धुमसत होतो.

मला तिथून हिलालने काढलं. एका हाताने विटेच्या भुकटीने मला घासलं. गंज निघाला आणि ती निळी रेघ दिसली. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत बसला. मग उठला आणि मला आबांकडे घेऊन गेला. आबांनी जळालेली कड बोटभर काढून टाकली, नव्याने पाणी दिलं. मी अरुंद झालो, पण खणखणीत झालो. मग महिनाभर हिलाल उजव्या हाताने मला दगडावर लावत होता आणि बांधावरच्या खोडांवर घाव बसवत होता.

एके दिवशी तो टोळीत हजर झाला. जीवराम नवा कोयता घेऊन उभा होता. हिलाल त्याला म्हणाला, "आते मी कापसू. तुम्ही खाले उभा राहा."

जीवरामने आपला कोयता बाजूला ठेवला. त्याने खांद्यावर गोणपाट घेतलं आणि झाडाखाली गेला. झाड वाकलं, घड खांद्यावर टेकला. हिलालने मला वर उचललं. आयुष्यात पहिल्यांदा जीवराम कोयत्याच्या खाली उभा होता. खालमानेनेच, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "हिलाल, कोयता निसटना नही व्हता. घाई मनी व्हती."

"माले माहीत शे," हिलाल म्हणाला. "मान बाजूले करा."

आणि त्याने एका घावात दांडा तोडला.

मित्रांनो, हिलालने त्याला माफ केलं असेल. मी केलेलं नाही. हिलालचा डावा हात अजून वर जात नाही. म्हणून तुम्हाला बजावून सांगतो. आम्हाला हार नकोत, कुंकू नको, आरशासारखी चमक तर मुळीच नको. दगड द्या, पाणी द्या आणि थोडा वेळ द्या. तेवढाही वेळ नसेल, तर आम्हाला उचलू नका. निदान दुसऱ्या कोणाला तरी खाली उभं करून उचलू नका.