अळंबीची जागा

आमच्याकडं माणसाला त्याचं आजारपण विचारतात. मुलाचा काडीमोड झाला का, हेसुद्धा कॉफी पिता पिता विचारतात. पण पिवळी अळंबी कुठं मिळाली, हे कुणी कुणाला विचारत नाही. ती जागा बाप मरायच्या आधी एखाद्या पोराला दाखवून जातो. आमच्या बापानं ती माझ्या धाकट्या भावाला, हिल्डिंगला दाखवली. मी थोरली, पण मी लग्न करून तळ्याच्या पलीकडं गेले होते, तेव्हा माझा प्रश्नच नव्हता. दर ऑगस्टात हिल्डिंग एक कागदी पिशवी माझ्या दाराशी ठेवून जायचा. मी ती अळंबी लोण्यावर परतायची, भाजलेल्या पावावर घालून खायची, आणि तोंड पुसून गप्प बसायची.

गावाच्या वारसा मंडळानं तळ्याकाठची पायवाट आखायला घेतली तेव्हा झाडांवर केशरी पट्टे मारायचं काम हिल्डिंगकडं आलं. जंगल त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. लोखंड गाळायची जुनी भट्टी, लाकडं जाळून कोळसा पाडायच्या जागा, पाइनचं डांबर काढायचा खड्डा, आणि फागरलीदचं कुळाचं घर, एवढं वाटेत यायला हवं असं बैठकीत ठरलं. फागरलीदमधली माणसं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच निघून गेली होती. घराची लाकडं जमीनमालकानं दुसरीकडं नेली. आता तिथं दगड तेवढे उरले होते, आणि ते नेमके कुठं आहेत हे सांगणारे म्हातारे एकेक करून गेले होते.

हिल्डिंगनं वाट आखली. मोठ्या दलदलीच्या अलीकडं, स्प्रूसच्या दाट झाडीत, चार काळे दगड आणि एक ढासळलेली चूल होती. तिथं त्यानं फळी ठोकली : फागरलीद.

मंडळातला एव्हर्ट बैठकीत म्हणाला होता, "मला वाटायचं फागरलीद तळ्याच्या बाजूला आहे."

"तुला वाटायचं," हिल्डिंग म्हणाला. "मला बाबांनी दाखवलंय."

त्याचे कान लाल झाले होते. खोटं बोलला की लहानपणापासून त्याचं हेच. मी पाहिलं, एव्हर्टनंही पाहिलं, बाकीच्यांनीही पाहिलं असणार. पुढं कुणी विचारलं नाही. का विचारायचं नसतं, ते आमच्यात प्रत्येकाला माहीत होतं.

यंदाच्या ऑगस्टात मंडळाची त्या वाटेवरून पायी फेरी होती, त्याच्या आधी मला एका बाईचा फोन आला. नाव बार्ब्रू. किनाऱ्यावरच्या शहरात राहते, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण हळूहळू चालते म्हणाली. तिची आई एल्ना फागरलीदला जन्मली होती. पेपरात फेरीची बातमी वाचली, म्हणून यायचंय.

"या की," मी म्हणाले. "आस्ता म्हणून विचारा. कॉफी माझ्याकडंच असते."

हिल्डिंगला मी हे सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं. पण सांगायला गेले असते तर मला काहीतरी कळलंय हेही सांगावं लागलं असतं.

रविवारी आम्ही पंधरा-वीसजण जमलो. बार्ब्रू माझ्याहून थोडी लहान असेल. दोन काठ्या, नवे बूट, पाठीवर पिशवी. एव्हर्टनं तिला लगेच ताब्यात घेतलं.

"हा आमचा हिल्डिंग. याच्या मागं चाला, हरवणार नाही. बोलावं मात्र तुम्हालाच लागेल, याचे शब्द महाग आहेत."

"आणि याचे फुकट आहेत," हिल्डिंग म्हणाला. "म्हणून कुणी घेत नाही."

"यांच्या आईचं घर फागरलीद," मी म्हणाले.

हिल्डिंगनं माझ्याकडं पाहिलं. मग तो वळून चालू लागला, नेहमीपेक्षा भराभर. एव्हर्ट मागून ओरडला, "अरे, बाईंच्या गुडघ्याकडं बघ जरा! अस्वल लागलंय का तुझ्या मागं?"

वाटभर बार्ब्रू आईबद्दल बोलत होती. एल्ना नऊ-दहा वर्षांची असताना तिचे वडील वारले. घर मालकाला परत गेलं आणि तिला शहरात एका घरी कामाला ठेवलं. पुढं लग्न झालं ते एका दुकानदाराच्या घरात. तिथले लोक तिला जंगलातली म्हणायचे. ती म्हणायची, आमच्या दारातून सगळं तळं दिसायचं. पायरी एवढी रुंद होती की आम्ही चौघं भावंडं ओळीनं बसायचो. कोपऱ्यावर लायलॅकचं झाड होतं आणि जूनमध्ये घरातसुद्धा त्याचा वास यायचा.

"फागरलीद म्हणजे देखणा उतार ना," बार्ब्रू म्हणाली. "उगाच का नाव पडतं?"

तिनं पिशवीतून एक कप काढून मला दाखवला. कानाशी टवका उडालेला, निळ्या काठाचा. आईचा होता. तिला त्या पायरीवर बसून त्यातून कॉफी प्यायची होती. बाकी काही नको होतं.

मी पुढं पाहिलं. हिल्डिंग एका पाइनला हात लावून उभा होता, झाडावरचा पट्टा नीट आहे का बघतोय असा.

आम्ही फळीपाशी पोचलो. स्प्रूस इतके दाट की दुपारी तिथं संध्याकाळ वाटावी. खाली शेवाळ, ओल, डास. बार्ब्रू दगडांभोवती एकदा फिरली. मग दुसऱ्यांदा फिरली.

"तळं कुणीकडं?"

कुणीतरी हात केला. "तिकडं. पण इथून नाही दिसत."

"पूर्वी झाडं नसतील," एव्हर्ट म्हणाला. एरवी त्याला टोमणे सुचतात, त्या दिवशी तो बिचारा मदत करत होता.

"पण मध्ये टेकाड आहे," बार्ब्रू म्हणाली. "झाडं तोडली तरी टेकाड राहणारच." तिनं काठीनं शेवाळ खरवडलं. "पायरी कुठाय?"

एव्हर्टनंही वाकून दोन-तीन ठिकाणी शेवाळ उचकून पाहिलं.

"आणि हे घर तरी केवढं? यात एक खाट मावेल."

ते घर नव्हतंच. कोळसा पाडणारे रात्री राखण करायला आडोसा बांधायचे, त्याची ती चूल होती. मला तेव्हा नक्की कळलं. मी थर्मास उघडला आणि उगाच बंद केला.

बार्ब्रू हसली. रडली असती तर बरं झालं असतं. "लहान पोर होती बिचारी," ती म्हणाली. "काहीतरी चांगलं हवंच ना आठवायला." हातातला कप तिनं रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. "नको, आस्ता. मला नको कॉफी आत्ता."

बाकीचे दालचिनीचे पाव खाऊ लागले. हिल्डिंग बाजूला वाकून बुटाची नाडी बांधत होता. मी त्याच्याजवळ गेले.

"बोल," मी हळूच म्हणाले.

"काय बोलू, ताई?"

"मला काय माहीत? मला कुणी काही दाखवलंय का?"

त्यानं दुसऱ्या बुटाची नाडी सोडली आणि तीही बांधायला घेतली. उठला तेव्हा म्हणाला, "चला, पाऊस येईल." आभाळात ढग नव्हता.

सगळे उठले. बार्ब्रू माझ्याबरोबर शेवटी होती. चालता चालता म्हणाली, "बाबांच्या घरचे म्हणायचे, एल्नाला थापा मारायची सवय आहे. तिची पायरी, तिचं तळं, तिचं लायलॅक. जेवताना नक्कल करायचे तिची. मी बारा वर्षांची असताना आत्याच्या अंगावर सूप फेकलं होतं त्यावरून. आईनं उलट मलाच मारलं." ती थांबली. "बरोबर होते की ते."

ती हळू बोलली होती. पण जंगलात वारा नव्हता. पुढं चाललेला हिल्डिंग उभा राहिला आणि त्याच्या मागचे सगळे उभे राहिले.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?" एव्हर्टनं विचारलं.

"फागरलीद ते नाही." तो आमच्याकडं तोंड करेना. "ते पलीकडं आहे. दलदलीच्या पलीकडं. फळी मी चुकीच्या जागी लावली."

"चुकून?" बार्ब्रू म्हणाली.

त्याच्या मानेपर्यंत लाली चढली होती. सत्तरीच्या पुढच्या माणसाची मान तशी लाल झालेली मी पाहिली नव्हती. एक शब्द म्हटला असता तर सुटला असता. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली असती.

"नाही," तो पुन्हा म्हणाला. "चुकून नाही. या."

दलदलीवर फळ्या नव्हत्या, पण त्याला पाय कुठं ठेवायचा ते माहीत होतं. बार्ब्रूला एका बाजूनं त्यानं आणि एका बाजूनं एव्हर्टनं धरलं. पलीकडं चढ लागला, बर्चची झाडं लागली, उजेड आला.

उतारावर घराचा पाया होता, चांगला मोठा. कोपऱ्यावर लायलॅक रान माजल्यासारखं वाढलेलं, फुलं कधीच झडलेली, पण पानं ओळखू येत होती. पुढं एकच अखंड दगडाची पायरी, चार मुलं सहज बसतील एवढी. आणि खाली तळं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बेटासकट.

आणि पायाच्या भोवती, बर्चखाली, उतारभर पिवळीधमक अळंबी. सांडल्यासारखी. मी आयुष्यात एका जागी एवढी पाहिली नाही. आमच्यातल्या एकानंही खाली पाहिलं नाही. सगळे तळ्याकडं बघत उभे राहिले. एकजण तर आभाळाकडं. दुसऱ्याच्या उघड्या कपाटासमोर आल्यावर माणूस जसं करतो तसं.

बार्ब्रूला ते काही माहीत नव्हतं. ती अळंबी तुडवत सरळ पायरीपाशी गेली, बसली, आणि दगडावरून हात फिरवत राहिली. मी कपात कॉफी ओतून दिली. तिनं ती प्यायली. मग तिनं हिल्डिंगला हाक मारली.

"कशासाठी?"

तो टोपी काढून तिच्यासमोर उभा राहिला. त्यानं तिच्या बुटांपाशी जमिनीकडं बोट दाखवलं. "यासाठी."

तिनं खाली पाहिलं. पहिल्यांदा तिला कळलंच नाही. "या अळंबीसाठी?"

"हो."

"तुम्ही विकता?"

"नाही. खातो. ताईला देतो."

माझ्याकडं कुणीही पाहिलं नाही, हे मला दिसलं.

बार्ब्रूनं कप पायरीवर ठेवला. "त्या वेड्या लोकांनी जन्मभर तिला खोटारडी म्हटलं," ती म्हणाली. "मी कधी म्हटलं नव्हतं. तिकडं त्या अंधारात, तुमच्या फळीपासून निघताना, मी म्हटलं. तुमच्यामुळं."

"हो," हिल्डिंग म्हणाला.

"ते आता परत घेता येत नाही."

"नाही."

ती चिडली असती, ओरडली असती, तर आम्हाला काहीतरी करता आलं असतं. तिनं कप पुसला आणि म्हणाली, "मला अजून थोडं बसायचंय. एकटीला."

आम्ही लायलॅकच्या मागं जाऊन उभे राहिलो, शाळेतल्या पोरांसारखे.

त्या आठवड्यात हिल्डिंगनं मंडळाला सांगितलं, मी मंडळातून बाहेर पडतो. कुणी कबूल केलं नाही. "अरे, होतं असं," म्हणाले. "कशाला मनाला लावून घेतोस?" एकानंही त्याला रागावून विचारलं नाही. तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"एखाद्यानं शिव्या तरी द्यायच्या होत्या, ताई."

"कोण देणार? ज्याची स्वतःची अळंबीची जागा नाही असा माणूस आहे का मंडळात?"

"तू दे मग."

"मी खाल्लीये ना," मी म्हणाले. "माझ्या तोंडून कशा निघतील?"

शनिवारी जुने पट्टे खरवडून नवी वाट आखायची होती. हिल्डिंगनं कुंचला घेतला, मी डबा धरला, एव्हर्ट फळ्या वाहायला आला. दलदलीवर फळ्या टाकून झाल्या. फागरलीदच्या उतारावर हिल्डिंगनं मधोमध, अळंबीतून, पट्टे मारले. थोडं बाजूनं नेता आलं असतं. मी तसं म्हणाले नाही, आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

तिथून वाट तळ्याकडं उतरून डांबराच्या खड्ड्याला मिळणार होती. दोन मोठ्या स्प्रूसपाशी हिल्डिंग कुंचला बुडवायला थांबला, तेव्हा एव्हर्टनं घसा साफ केला.

"इथून डावीकडून घे. उजवीकडं फार ओल आहे. लोकांचे पाय भिजतील."

मी उजवीकडं पाहिलं. कोरडं ठणठणीत होतं. पाइनच्या काड्या पायाखाली मोडतील असं. एव्हर्टलाही त्याच्या बापानं तिकडं काहीतरी दाखवलं असणार.

हिल्डिंगनं मान वर केली. त्या रविवारनंतर तो पहिल्यांदाच कुणाच्या डोळ्यात बघत होता. एव्हर्टचं तोंड आधी पांढरं झालं, मग लाल.

"उजवीकडं," हिल्डिंग म्हणाला. प्रश्न नव्हता आणि हुकूमही नव्हता.

एव्हर्टनं खांद्यावरच्या फळ्या खाली ठेवल्या. उजवीकडच्या स्प्रूसपाशी गेला, खिशातला चाकू काढून बुंध्यावरचं शेवाळ गोल खरवडलं, आणि पट्टा मारायला जागा करून दिली.