कुलपाला पैकीच्या पैकी

झुंबरबाई जन्मात कधी सरळ बोलली असेल तर ते हिवरमाळात कुणाच्या ऐकिवात नाही. एसटी दोन तास उशिरा आली तर ती कंडक्टरला म्हणायची, "एवढी घाई कशापायी केली बाबा, उद्या आला असता तरी चाललं असतं." सरपंच पाच वर्षांनी मत मागायला दारात उभा राहिला तर बाजेवरून न उठता विचारायची, "पाव्हणं कुटलं म्हनायचं?" गाव खो खो हसायचं. बाईलाही आपल्या जिभेचा जरा जास्तच तोरा होता. चांगलं सुचलेलं वाक्य वाया जाऊ नये म्हणून ती समोरचा माणूस दुखवायला मागंपुढं पाहायची नाही.

पण यंदा तिच्या घरात थट्टेला जागा नव्हती. सून पंकजाला पाचवा लागला होता. गेल्या साली पंकजाला कळा सुरू झाल्या तेव्हा गावातल्या उपकेंद्राला कुलूप होतं, आणि पाथर्डीच्या सरकारी दवाखान्याच्या वाटेवर टेम्पोतच ती बाळंत झाली. पोर जगलं नाही. सुनेचं डोकं मांडीवर घेऊन झुंबरबाईच त्या टेम्पोत बसली होती. त्या वाटेबद्दल ती अजून एक अक्षर बोललेली नाही, तिरकं नाही की सरळ नाही. यंदा तिनं पंकजाला ऊसतोडीला जाऊच दिलं नाही. नवराबायको मिळून एक कोयता धरायची रीत, त्यामुळं तिचा मुलगा मच्छिंद्र एकटाच अर्धा कोयता होऊन कारखान्यावर गेला. मजूर नेणाऱ्या मुकादमानं तोंड वाकडं केलं. ते त्याचं जन्मजातच तसं आहे, एवढं मात्र बाई बोललीच.

तिला आता एकच गोष्ट हवी होती: सून बाळंत व्हायच्या आत उपकेंद्राचं कुलूप निघावं आणि आत एक सिस्टर बसावी. उपकेंद्र तसं देखणं होतं. भिंतीवर हात धुवा, पाणी उकळून प्या, लवकर लग्न करू नका, असं सगळं रंगीत अक्षरांत लिहिलेलं. तीन वर्षांपूर्वी सिस्टर बदलून गेली आणि तिच्या जागी कुलूप आलं. ते मात्र अजून बदललेलं नव्हतं. ओटा ऐसपैस आणि सावलीचा, म्हणून तोडीला न गेलेल्या म्हाताऱ्या दुपारी तिथं बसायच्या. त्या इमारतीचा गावाला झालेला फायदा तो एवढाच.

त्याच ओट्यावर एका दुपारी शॅरन येऊन बसली. नगरच्या एका कॉलेजात ती पीएचडी करत होती. (नगरला आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीपवाल्यांची जीभ अजून वळलेली नाही.) तिचा विषय होता ‘ग्रामीण भागातील आरोग्य प्रसार आणि सार्वजनिक आरोग्य सेवेविषयी रुग्णांचे समाधान’. हे पूर्ण म्हणून होईपर्यंत साधा ताप असलेला रुग्ण बरा व्हावा. पोरगी कष्टाळू, प्रामाणिक, उन्हातान्हात पन्नास गावं पालथी घालून शेवटच्या गावाला आलेली. फक्त थट्टा कळण्याचा अवयव तिला द्यायचं देवाच्या हातून राहून गेलं होतं. दाराचं कुलूप तिनं पाहिलं आणि सिस्टर घरोघरी भेटी द्यायला गेल्या असतील असं धरून ती कामाला लागली. उपकेंद्र उघडं असतं का, हा प्रश्न तिच्या टॅबमध्ये नव्हता. तो कुणाला विचारावासा वाटला नव्हता.

"आजी, उपकेंद्रात गेल्यावर किती वेळ थांबावं लागतं?"

झुंबरबाईनं कुलपाकडं पाहिलं, मग पोरीकडं पाहिलं. एवढा आयता चेंडू तिच्या पुढ्यात आजवर कुणी टाकला नव्हता.

"थांबायचं नावच न्हाई बाई. गेलं की लगीच माघारी."

शॅरननं लिहिलं. "कर्मचाऱ्यांची वागणूक कशी आहे?"

"तीन वर्सांत एक वाकडा शबुद न्हाई. देवमानसं हायेत."

"औषधं मिळतात?"

"लई जपून ठिवलीत. एक गोळी वाया जाऊ देत न्हाईत."

"स्वच्छता?"

"आत कुनाचं पाऊलच पडत न्हाई, घान व्हनार कुटून?"

म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. रुग्णाची माहिती गुप्त राहते का, या प्रश्नाला झुंबरबाई म्हणाली की आजवर तिचा एक रोग तिथून बाहेर फुटलेला नाही. ओट्यावर हशा झाला. शॅरनला वाटलं, गाव मोकळं आणि आनंदी आहे. तिनं तेही लिहिलं.

मागं भिंतीला टेकून बसलेली पंकजा हळूच म्हणाली, "आत्या, सरळ सांगा ना. ती लिहून घेतीय."

"लिवू दे की. वाचनाऱ्याला कळंल. तिकडं काय समदी येडी बसलीत?"

शेवटचा प्रश्न एकूण समाधानाचा होता, पाचपैकी गुण द्यायचा. झुंबरबाईनं पाचही बोटं वर केली. मग बाकीच्या म्हाताऱ्यांनाही चेव आला. आपण झुंबरपेक्षा कमी पडायचं नाही म्हणून प्रत्येकीनं तिच्यावर कडी केली, आणि एकीनं तर दोन्ही हात वर केले. शॅरननं पाचच लिहिले. ती प्रामाणिक होती.

पुढं व्हायचं ते झालं. ज्या सरकारी खात्यानं अभ्यासाला परवानगी दिली होती, त्याच्या मोठ्या साहेबांना तिनं दिलेले आकडे फार आवडले. रुग्ण-समाधानात हिवरमाळ जिल्ह्यात पहिलं आलं. जिथं दवाखाने उघडे होते तिथल्या लोकांनी रांग, रागावणारी सिस्टर, संपलेल्या गोळ्या असलं काहीबाही सांगून गुण घालवले होते. हिवरमाळच्या कुलपाला पैकीच्या पैकी मिळाले.

गावात पेढे वाटले गेले. झुंबरबाईनंही एक खाल्ला. त्याच आठवड्यात तालुक्याला नव्या सिस्टर आल्या, आणि हिवरमाळच्या वाटणीची सिस्टर शेजारच्या पिंपळदऱ्याला गेली. सरपंच विचारायला पाथर्डीला गेला, तर कचेरीतला माणूस म्हणाला, "जिथं लोक नाराज आहेत तिथं आधी द्यावी लागते. तुमचं सगळं उत्तम चाललंय की." सरपंचानं हे झुंबरबाईच्या दारात येऊन जसंच्या तसं सांगितलं.

बाई आत गेली. पंकजा चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, मधूनच हात थांबवून कंबर धरत होती. सुनेनं एक शब्द ऐकवला असता तरी बाईला बरं वाटलं असतं. पंकजानं पुढची भाकरी तव्यावर टाकली. त्या रात्री आपली जीभ आपल्यालाच नकोशी झाली असं बाईला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

म्हणून नगरच्या बक्षीस समारंभाला ‘समाधानी रुग्ण’ म्हणून बोलावणं आलं तेव्हा ती निघाली. मोठ्या साहेबांपुढं सरळ बोलायचं, ठरलं. जीपमध्ये ती मनातल्या मनात घोकत राहिली: दवाखाना बंद हाय, सिस्टर न्हाई, सून अवघडलीय. तीन वाक्यं, पण दर खेपेला शेवटाला काहीतरी तिरकं आपोआप चिकटायचं आणि ते खरवडून काढताना तिला घाम फुटायचा.

हॉलच्या दारात साहेब स्वतः पुढं आले. "या आजी. प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"कसला तरास? जीपमधी मांडीला मांडी लावून असं बसलो की पडायची भीतीच न्हाई. निम्मी मानसं तर बाहीरच लोंबकळत हुती, हवाशीर."

तोंडातून गेल्यावर तिनं जीभ चावली. साहेब मात्र पोट धरून हसले, आणि स्टेजवर गेल्या गेल्या माइकवरून म्हणाले, "आता आपल्याशी हिवरमाळच्या आजी बोलतील. फार विनोदी आहेत बरं का."

झुंबरबाई माइकपुढं उभी राहिली. हॉल हसायच्या तयारीत बसला होता. तिनं दोन्ही हातांनी माइकचा दांडा धरला. "आमचा दवाखाना बंद हाय," ती म्हणाली. "तीन वर्सं झाली, कुलूप हाय. आत कुनी न्हाई."

हॉल हशानं फुटला. पुढच्या रांगेतल्या एका डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"थट्टा न्हाई ओ साहेब. माजी सून अवघडलीय. आमाला सिस्टर द्या."

यावर लोक आणखी हसले. साहेबांनी माइक हातात घेतला. "बघा, किती मार्मिक! दवाखान्याला कुलूप, म्हणजे गावात कुणी आजारीच पडत नाही. आरोग्य प्रसार याला म्हणतात." टाळ्या झाल्या. बाईच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि कुणीतरी दंड धरून तिला अदबीनं खाली उतरवलं.

अख्ख्या हॉलमध्ये एकटी शॅरन हसली नव्हती. थट्टा तिला कळायची नाही, त्यामुळं तिनं ऐकलं ते जसंच्या तसं ऐकलं. ती चहाच्या टेबलापाशी आली, चेहरा उतरलेला.

"आजी, खरंच बंद आहे?"

"तू त्या कुलपाखालीच बसली हुतीस की."

"मला वाटलं, सिस्टर घरभेटींना गेल्यात." शॅरन खुर्चीत बसली. "तेव्हा का नाही सांगितलंत?"

झुंबरबाईनं हातातला नारळ टेबलावर ठेवला.

"आता लिव की," ती म्हणाली.

"लिहीन. पण गावातल्या सगळ्यांनी पाच दिलेत. तुमचं एकटीचं उत्तर वेगळं आलं तर त्याला अपवाद म्हणतात, आजी. तो गणतीत धरत नाहीत."

"बाकीच्या माझं बघून बोलल्या, बाई."

शॅरनचे डोळे भरून आले. पोरगी मनानं वाईट नव्हती. पण डोळ्यांत पाणी आलं म्हणून आकडा काही खाली येत नाही, आणि तिचा प्रबंध तर कधीच विद्यापीठात जाऊन पडला होता.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई पंकजाला घेऊन पिंपळदऱ्याला गेली. तिथलं उपकेंद्र कळकट, दाराचा एक पल्ला निखळलेला, पण उघडं. बायकांची रांग होती. नवी सिस्टर सुकन्या टेबलामागून करवादली, "गाव कुठलं?"

"हिवरमाळ."

"हिवरमाळ? ते जिल्ह्यात पहिलं आलेलं? मग एवढं चांगलं उपकेंद्र सोडून इकडं कशाला आलात?"

रांगेतल्या बायका वळून पाहू लागल्या. झुंबरबाईच्या जिभेवर एकाहून एक सरस उत्तरं येऊन थांबली. त्यातलं एक तर असं होतं की पिंपळदरा आठवडाभर हसलं असतं. तिनं ती सगळी गिळली आणि हात जोडले.

"चुकलं माजं," ती म्हणाली. "पोरीला तेवढं तपासा."

सुकन्यानं तपासलं. तपासताना तिचा आवाज खाली आला. पायांवर सूज होती, रक्त कमी होतं. तिनं गोळ्या दिल्या, दर सोमवारी यायला सांगितलं, आणि कळांची वाट न बघता आधीच पाथर्डीला नेऊन ठेवा असं दोनदा बजावलं. मग म्हणाली, "नाव मात्र तुमच्याच उपकेंद्राखाली लागेल. गाव तिकडचं ना." म्हणजे पंकजाची तपासणी हिवरमाळलाच झाली, असं सरकारदरबारी ठरलं.

"लावा," झुंबरबाई म्हणाली.

"आणि सेवेबद्दल समाधानी आहात का, तेवढं सांगा. आता प्रत्येकाला विचारावं लागतं."

झुंबरबाईनं सुनेच्या पोटाकडं पाहिलं.

"लेकरू जित्तं हातात आलं की इचारा," ती म्हणाली.

सुकन्यानं पेन खाली ठेवलं आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.