दाखवायची आई

एल्फेडने मागच्या दारातून पुठ्ठ्याची पेटी आत सरकवली आणि चिखलाचे बूट बाहेरच काढून ठेवले.

"गाडी पुलापाशी आली असेल. तवा ठेवलास का?"

"कधीच," तेग्वेन म्हणाली. "तू आधी ती पिल्लं पूस. ओली आहेत अजून."

"ओली नाहीत. शाम्पूचा वास आहे तो."

"मग कमी घालत जा ना. बाळाच्या न्हाणीत शिरल्यासारखं वाटतंय. कुत्र्याला थोडा तरी कुत्र्याचा वास हवा."

"त्याला तुझी माली आहे की," म्हणून एल्फेड हसला. उंचापुरा, लाल गालांचा माणूस. हसला की त्याच्या आईसारखा दिसे.

माली शेगडीजवळच्या टोपलीत पडली होती. पेटी पाहून ती उठली, अंग झाडलं आणि टोपलीत एका कडेला सरकून पुन्हा आडवी झाली. रोजचं काम असलेल्या माणसासारखी. तेग्वेनने एकेक पिल्लू तिच्या पोटाशी ठेवलं. पिल्लं चाचपडू लागली. तिथे त्यांना मिळण्यासारखं काही नव्हतं. मालीला कधी पिल्लं झालीच नव्हती, लहानपणीच तिचं ऑपरेशन झालं होतं. ती छताकडे पाहत निमूट पडून राहिली.

"जातो. मी व्हॅनमध्ये आहे, गोठ्यामागे," एल्फेड म्हणाला. "आणि बेदाणे जरा सढळ हाताने घाल. शहरातल्यांना आवडतात."

तेग्वेनने तव्यावरचे केक उलटले. थोड्या वेळाने फाटकाशी गाडी थांबली, दारं आपटली, लहान मुलीचा आवाज आला. हाच आवाज तिला हवा असे.

दर शनिवारी हे असं चाले. पाहुणे इंग्लंडच्या शहरांतून यायचे, लांबचा प्रवास करून. त्यांना शेतावरचं घर हवं असे, पेटलेली शेगडी हवी असे, आणि पिल्लांची आई बघायची असे. आई पाहिल्याशिवाय पिल्लू घेऊ नका, असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं असायचं. तेग्वेन सांगे, "ही माली." कुणी म्हणे, "किती शांत आहे हो!" त्यावर ती म्हणे, "हो, फार सोसते ती." मग पाहुणे केक खात आणि पिल्लू घेऊन जात.

ही पिल्लांची आई आहे, असं तेग्वेन कधीच म्हणाली नव्हती. तिचे वडील चॅपलचे, म्हणजे गावच्या छोट्या चर्चचे, डीकन म्हणजे पंच होते, पुढच्या बाकावर सगळ्यांकडे तोंड करून बसणारे. घरात खोटं चालत नसे. खोटं म्हणजे जे तोंडाने बोललं ते, असा हिशेब तिने स्वतःशी बांधला होता. पाहुण्यांनी आपल्या मनाने काय धरायचं ते त्यांनी धरावं. वडिलांच्या जागेवर आता एल्फेड बसत असे. या विषयावर दोघांचं कधी बोलणं झालं नव्हतं.

एल्फेडच्या घराला पेनलान म्हणत, म्हणून तो सगळ्या खोऱ्यात पेनलानचा एल्फेड. तेग्वेन मुलगी होती तेव्हा त्याच पेनलानच्या गोठ्यात धारा काढायला जात असे. सकाळी अंधारात कंदील घेऊन जायचं, गाईच्या कुशीला कपाळ टेकायचं, हात ऊबदार व्हायचे. गाईंना फुलांची, आत्यांची, जुन्या शिक्षिकांची नावं होती. एल्फेड तेव्हा एवढासा होता. दुधाच्या फेसाची मिशी लावून तिच्या पायांत घोटाळायचा. पुढे ती शाळेत स्वयंपाकीण झाली, इदवलशी लग्न केलं. मूल झालं नाही. शाळेची सगळी पोरं तिची होती.

मग दुधावर सरकारी बंधनं आली. इतकंच काढा, जास्त काढाल तर दंड. लहान गोठे एकामागून एक बंद झाले. चॅपलच्या खालच्या खोलीत सभा भरली आणि एक टाय लावलेला माणूस सांगून गेला की शेतकऱ्याने आता दुसरं काही पाहावं, कुत्र्यांना शहरात चांगली मागणी आहे. तोवर कुत्री पैदा करायची म्हणजे पलीकडच्या गावातल्या मिस प्रॉसर, एवढंच लोकांना माहीत होतं. चार-पाच वर्षांतून एकदा त्या एका कुत्रीला पिल्लं होऊ देत, आणि घ्यायला येणाऱ्याची अशी उलटतपासणी घेत की मुलगी द्यायला सोपी. घरी कोण असतं, कुंपण आहे का, म्हातारपणी काय कराल. नाही जमलं तर माझ्याकडेच परत आणायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही. माली त्यांच्याकडचीच. तेग्वेनला तिच्यासाठी दोनदा जावं लागलं होतं.

पेनलानच्या गोठ्यात कुत्री आली तेव्हा असं काही नव्हतं. पत्रे लागले, पिंजरे लागले. तेग्वेन तिथे परत गेली नाही. वारा तिकडून असला की भुंकणं ऐकू येई, मग ती रेडिओ मोठा करी. शाळा बंद झाली, इदवल गेला. एल्फेड तिच्या वाटेवरचा बर्फ काढून देई, कोळसा आणून टाकी. एक दिवस तो म्हणाला, "तुझं स्वयंपाकघर नुसतं पडून असतं शनिवारी," आणि ती म्हणाली, "मग?"

असे शनिवार कितीतरी वर्षं चालले, आणि मग एका हिवाळ्यात माली गेली. रात्री टोपलीत झोपली ती उठलीच नाही. तेग्वेनने तिला सफरचंदाच्या झाडाखाली पुरलं. खड्डा एल्फेडने खणला, टोपी काढून उभाही राहिला.

"झालं आता तुझं शनिवारचं," ती म्हणाली.

"का म्हणून? एक जोडपं येतंय. शब्द दिलाय मी."

"आणि आई?"

"आणतो ना."

"कुणाची?"

"त्यांचीच. खरी." तो फावड्यावर रेलला. "आता तरी खूश हो, डीकनची लेक. तुझ्या जिवाला घोर नको."

शनिवारी त्याने ती कुत्री काखेत धरून आणली आणि शेगडीपुढच्या चटईवर ठेवली. ठेवली तिथेच ती उभी राहिली. मालीसारखीच स्पॅनियल जातीची, पण केस कातडीलगत कापलेले, पोट लोंबत आलेलं, कानांच्या कडा खरबरीत. चटईच्या पलीकडे गुळगुळीत फरशी होती. तिकडे तिने पाय टाकला नाही. किटलीने शिटी मारली तशी ती चटईच्या कडेने भिंतीशी सरकली आणि उभ्या उभ्याच ओलं केलं. पिल्लं धावत तिच्याखाली शिरली आणि प्यायला लागली. ती हलली नाही.

"हिचं नाव काय?" तेग्वेनने विचारलं.

एल्फेड दारात बूट घालत होता. "नाव कसलं? चौथ्या पिंजऱ्यातली."

जोडपं बर्मिंगहॅमचं होतं, जॅनिस आणि कॉलिन. तेग्वेनने फरशी पुसून घेतली होती. जॅनिस आत आली, "अय्या, किती छान वास सुटलाय!" म्हणाली आणि मग तिची नजर भिंतीकडे गेली.

"ही कोण?"

"ही पिल्लांची आई," तेग्वेन म्हणाली.

इतक्या वर्षांत हे वाक्य ती पहिल्यांदा बोलत होती, आणि ते खरं होतं.

जॅनिस खाली बसली. तिने हात पुढे केला तशी कुत्रीने मान आणखी आत ओढली. "हिला काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही? हिच्या अंगावर केस नाहीत. दात बघा हिचे. कॉलिन, बघ ना. नाव काय हिचं?"

तेग्वेनने केकची बशी पुढे सरकवली.

"तुम्हाला नावही माहीत नाही?"

"चल," कॉलिन म्हणाला. "मी म्हणत होतो की नाही? आपल्याकडच्या बेवारस कुत्र्यांच्या आश्रयगृहात पिंजरे भरून वाहतायत. तिथून एक आणू म्हटलं तर तुला पिल्लूच हवं होतं."

"हो, मग आता याला इथे सोडून जाऊ?" जॅनिसने एक पिल्लू कधीच कोटाच्या आत घातलं होतं. "या बाईपाशी?" मग ती तेग्वेनकडे वळली. "लाज वाटायला हवी तुम्हाला. केक कसले करताय, या मुक्या जिवाकडे बघा!"

केक कुणी खाल्ले नाहीत. गाडी गेली. तेग्वेन टेबलाची कड धरून उभी होती. तिच्याशी तिच्याच स्वयंपाकघरात असं कुणी कधी बोललं नव्हतं, आणि उत्तर द्यावं असं त्यात काही चुकीचंही नव्हतं.

एल्फेड शीळ घालत आला. "एक गेलं की! मला वाटलंच. दया आली की लोक जास्त घासाघीस करत नाहीत."

"एल्फेड, ही राहू दे इथे."

"कोण, ही? वेडी का काय तू! अजून दोन वेत आहेत तिच्यात."

"तुझ्या आईच्या गाईंच्या धारा मी काढल्यात. संपलेलं जनावर कसं दिसतं ते मला नको सांगूस."

एल्फेडने एक केक उचलला, अर्धा खाल्ला. त्याने कुत्रीकडे पाहिलं, मग रिकाम्या टोपलीकडे.

"बरं, ठेव," तो म्हणाला. "खायला घाल, केस वाढू देत. ईस्टरपर्यंत बरी दिसायला लागेल. टोपली तशी रिकामीच आहे."

तेग्वेनला कळायला क्षणभर लागला. "म्हणजे मालीसारखी."

"म्हणजे मालीसारखी."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर व्हॅनमध्ये घालतो. मला काय!" उद्या पाऊस आहे असं सांगावं तसं तो बोलला. दुष्ट माणूस नव्हता तो. त्याची आई आजारी असताना रात्र रात्र जागलेला तिने पाहिला होता.

कुत्री दोघांकडे पाहत नव्हती. पिल्लं झोपली होती आणि ती त्यांच्यावर वाकून उभी होती, बसणं माहीत नसल्यासारखी.

"राहू दे," तेग्वेन म्हणाली.

उरलेली पिल्लं एल्फेड पेटीत घालून घेऊन गेला. तेग्वेनने कुत्रीचं नाव ब्लोडवेन ठेवलं. पहिले काही दिवस ब्लोडवेन चटई सोडून हलली नाही. बाहेर नेली तर गवतावर प्रत्येक पाय उचलून धरी, ओलं लागलं म्हणून. आपल्या पायांनी दारातून आत यायला तिला आठवडा लागला आणि उंबऱ्यावरून बाहेर जायला त्याहून जास्त. मग एका सकाळी तेग्वेन खाली आली तर ती टोपलीत गोल होऊन झोपली होती, नाक शेपटीत खुपसून. मार्च संपता संपता अंगावर मऊ, तांबूस केस आले. हाक मारली की कान हलू लागले. तेग्वेन भाजी चिरता चिरता तिच्याशी बोले. घरात बोलायला कुणी असलं की दिवस कसा भरतो, हे ती विसरूनच गेली होती.

ईस्टरनंतरच्या शनिवारी एल्फेडने पेटी आत सरकवली.

माली पिल्लांना नुसती सोसत असे. ब्लोडवेनचं तसं नव्हतं. पेटीतून पहिला आवाज आला तशी ती टोपलीतून उठली, एकेका पिल्लाला हुंगलं, मानेला धरून टोपलीत नेलं, सगळ्यांना चाटून काढलं आणि त्यांच्याभोवती आडवी झाली. तिची नव्हती ती. दूधही नव्हतं. पण तिला तसं कुणी सांगितलेलं नव्हतं.

पाहुणा एक म्हातारा होता, मुलीबरोबर आलेला. बायको गेल्यावर घर खायला उठतं, म्हणून कुत्रा. तो खुर्चीत बसून बराच वेळ टोपलीकडे पाहत राहिला.

"ही यांची आई का हो?"

तेग्वेनच्या हातात किटली होती. ही माली, फार सोसते, असलं काही आता तिच्यापाशी नव्हतं. तिने किटली खाली ठेवली.

"हो," ती म्हणाली.

"दिसतंच आहे," म्हातारा म्हणाला. "आईची माया लपत नाही." त्याने दोन केक खाल्ले आणि एक पिल्लू कुशीत घेऊन गेला. बाकीची एल्फेडने पेटीत भरली.

ब्लोडवेनने टोपली हुंगली. टेबलाखाली पाहिलं, भांड्यांच्या कपाटामागे पाहिलं, मग दाराशी जाऊन उभी राहिली. तेग्वेनने दार उघडलं. ती फाटकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. गार वारा आत येत होता तरी तेग्वेनने दार लावलं नाही. पुढच्या शनिवारी तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्याही.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी चॅपलमध्ये प्रभुभोजन होतं. प्रभूच्या आठवणीत प्रत्येकाने भाकरीचा एक तुकडा खायचा, पण मनात पाप ठेवून तो घ्यायचा नाही, असं तिचे वडील सांगत. भाकरीचे तुकडे कापायचं काम कैक वर्षं तेग्वेनकडे होतं. माणसं आता मोजकीच उरली होती. तेग्वेन मागच्या खोलीत उभी राहून एकेकाचं नाव मनात घेत कापी: पाद्रीबोवांचा, एल्फेडचा, पोस्टातल्या मेगनचा. त्या दिवशी तिने बाकीच्या सगळ्यांचे कापले, आणि सुरी पुसून ठेवून दिली.

स्तोत्र झालं. एल्फेड ताटली घेऊन बाकांमधून येऊ लागला. काळा सूट, चकचकीत बूट. तेग्वेन सगळ्यांत मागे बसली होती. तो तिच्यापाशी आला तेव्हा ताटलीत काही नव्हतं.

त्याने ताटलीकडे पाहिलं. मग दुसऱ्या हाताने ताटलीत अंथरलेला पांढरा रुमाल उचलून त्याखालीही पाहिलं.

"पाद्रीबोवांना सांगून आणखी कापतो," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मोजायला चुकलीस तू."

"नाही चुकले," तेग्वेन म्हणाली.

पुढच्या बाकावरच्या मेगनने मान वळवली. एल्फेडच्या गालांचा लाल रंग कानांपर्यंत गेला. त्याने रिकामी ताटली दोन्ही हातांनी धरली. मग ती घेऊन तो वळला आणि पुढे चालू लागला. लाकडी जमिनीवर त्याचे बूट वाजत गेले. तेग्वेनने हातमोजे मांडीवर नीट ठेवले, आणि बाकीचे सगळे डोकं खाली घालून खात होते तेवढा वेळ ती समोर पाहत बसून राहिली.