हर्षा आहे का?

प्रफुलच्या ‘सोयरीक’ या वेबसाइटवर जिल्हाभरातली लग्नाळू मुलंमुली फोटोतून गालातल्या गालात हसत बसलेली असत. नालवाडीतल्या त्याच्या खोलीत दुपारी पंखा गरगरायचा, पडदा हलायचा आणि त्या चेहऱ्यांकडे बघता बघता त्याची तंद्री लागायची. लोक आपापली माहिती घरूनच भरत. आपण नुसता मांडव घातला, वऱ्हाडाशी आपला काय संबंध, असं त्याचं सरळसोट म्हणणं. स्वतःचं लग्न जमत नव्हतं, तो भाग वेगळा.

दोन हजार नऊच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात अल्लीपूरचे सदाशिवराव तणतणत त्याच्याकडे आले. मुलासाठी त्यांनी सिंदी मेघे गावची हर्षा याच साइटवर पसंत केली होती. फोनवर तिची आई, शोभाबाई म्हणाल्या, शाळेत शिकवायला गेलीय, चारला येईल. म्हणून हे मंडळी घेऊन चार वाजता घरी हजर!

“हार घातलेल्या फोटोसमोर बसून पोहे खाल्ले आम्ही,” सदाशिवराव म्हणाले. “पोरगी तापानं जाऊन वर्ष झालं. त्या माउलीले मी काय बोलू? तुले बोलून राह्यलो. आतापर्यंत झोपला होता का तू?”

प्रफुलचं धाबं दणाणलं. त्यानं वासुदेवराव वकिलांचं घर गाठलं.

“लोकायनं टाकलं ते तुह्या माथी नाई,” वकील म्हणाले. “पण खरं कळल्यावरही ठेवलं, तर मंग तुह्याच माथी. झोपलेल्याले कायदा एखाद्या वेळी माफ करते, जागं झालेल्याले नाई. काढून टाक.”

एक बटण दाबायचं काम. पण हर्षाच्या आईला न सांगता दाबणं त्याला जमेना. तो सिंदी मेघेला गेला. शोभाबाईंनी त्याच्याहीपुढे पोह्यांची बशी ठेवली.

“काढू नको रे,” त्या म्हणाल्या. “मी रडीन म्हणून घरात कोणी तिचं नाव घेत नाई. फोन वाजला का कोणीतरी तिचं नाव घेते. तेवढा वेळ ती शाळेत असते.”

तेवढ्यात फोन वाजलाच. “हो, हर्षाचंच घर,” शोभाबाईंचा आवाज एकदम तरुण झाला. “शाळेत गेली. चार वाजता येईल.”

प्रफुलनं नकळत घड्याळाकडे पाहिलं. बाहेर ऊन पिवळं पडलं होतं. आता फाटक वाजेल, सायकल भिंतीला टेकेल, ओढणीनं घाम पुसत ती आत येईल, असं त्याला अगदी खरोखर वाटलं.

घरी येऊन त्यानं हर्षाचं पान काढून टाकलं. कायद्यानं वागल्यावर माणसाला हलकं वाटावं ना? त्याला भरून आलं.

मग रोज दुपारी त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येऊ लागलं: न वाजणारा फोन आणि शेजारी बसलेल्या शोभाबाई. शेवटी एकदा त्याला राहवलं नाही. त्यानं नंबर फिरवला.

“हर्षा आहे का?”

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

“नाई बाबा,” शोभाबाई म्हणाल्या. “हर्षा गेली.”

 प्रफुलला फोन ठेवायचं धैर्य होईना.

“आवाज ओळखला मी तुहा,” त्या हळूच म्हणाल्या. “चार वाजता येजो. पोहे करीन.”