राणी कुठे गेली

तिच्या हातातल्या काठीच्या टोकाला पत्र्याची गोल पाटी आणि तिच्यावर पिवळ्या रंगात आकडा, सात. हा आकडा बघून जहाजावरून उतरलेली माणसं आपल्यामागे चालतात, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. आणि आत्ता, मंदिराच्या उंबऱ्याशी, तेवढंच ठाऊक होतं. पुढचं वाक्यच नव्हतं. सगळे चेहरे तिच्याकडे लागलेले, आणि डोक्यात नुसतं पांढरं... या पायऱ्यांवर उभं राहून पर्यटकांना राणीची गोष्ट सांगण्यात तिची हयात गेली. हिला झोपेतून उठवा, घडाघडा सांगेल, असं नवरा चारचौघांत म्हणायचा — आईचंही असंच सुरू झालं होतं ना? आधी मिठाचा डबा सापडेना, मग शेजारणीचं नाव, आणि शेवटी पोटच्या लेकीला 'आपण कोणाकडच्या?' म्हणून विचारणं, तेही किती अदबीनं. पोर अगदी आईवर गेलीये, असं मामी म्हणायची. नाकाडोळ्यांबद्दल म्हणायची बिचारी. पण ते कौतुक तेव्हापासून तिला नकोसं झालं होतं.

"मग? पुढं काय झालं?" समोरच्या आजोबांनी विचारलं.

आणि गोष्ट आली. कुठून कोण जाणे, पण भरभरून आली — वेढा, रिकामी कोठारं, दिवा विझवून निघालेली राणी... कुजबुज थांबली, एका बाईने तर डोळे पुसले. तिचा जीव भांड्यात पडला. ऊन हे असं, रात्रीची झोप नाही, होतं एखाद वेळी. उगाच बाऊ केला, म्हणून तिने स्वतःलाच दटावलं. किल्ल्यात गेल्यावर राणीच्या सासूवरचा नेहमीचा विनोदही केला, आणि तो नेहमीसारखाच पिकला.

बस बंदराच्या रस्त्याला लागली तशी ती पुढच्या सीटवर टेकली. ड्रायव्हर जुना, रोज मंदिराच्या दाराशी उभा राहून तिची गोष्ट ऐकणारा.

"बाई, आज राणीला वाचवलीत की," तो समोर बघतच म्हणाला. "होडीत बसवून पाठवलीत. बरं वाटलं ऐकायला. रोज विहिरीत उडी मारायची बिचारी."

ती हसली. म्हणजे ओठ हसले. होडी? कुठली होडी? आणि विहीर... विहीर असणारच, तो म्हणतोय म्हणजे; पण उडी का मारली तिने, कोणासाठी? ती आत चाचपत राहिली, आणि हाताला काहीच लागेना. रोज कशी सांगते हो मी, एवढंच विचारायचं होतं. सहज, थट्टेवारी नेत. तो सांगेल, अगदी माझ्या आवाजात सांगेल... आणि ऐकून ती गोष्ट माझी वाटलीच नाही तर?

तो शांतपणे बस चालवत होता. इतक्या वर्षांत तिला या माणसाची कधी भीती वाटली नव्हती. आता त्याने खाकरून घसा साफ केला, आणि तो पुन्हा काही बोलायच्या आत तिने झोप लागल्यासारखे डोळे मिटून घेतले.