चमचा धरलेला संत

“तुला खरं वाटणार नाही. कुणालाच वाटणार नाही, कारण इतकं खरं ऐकायची लोकांना सवयच नाही,” असं म्हणत मूर्ती दुरुस्त करणाऱ्याने ढकलगाडी मागच्या खोलीत, बायकोच्या खाटेपाशी आणली. गाडीवर चर्चमधला बेवारशी संत आडवा पडला होता, छताकडे बघत.

संत ओळखायचा तो हातातल्या वस्तूवरून. पकडीत दात धरलेली अपोलोनिया, दातदुखीवाली. मेणबत्त्यांची फुली धरलेला ब्लेझ, घशाचा. याच्या हातातलं मात्र कधीच तुटून गेलं होतं. बोटं तेवढी वळलेली, जणू कुणी तोंडापाशी नेलेला घास पळवलाय. फादरांनीही हात टेकले. “द्या काहीतरी याच्या हातात,” म्हणाले आणि सुटले.

कालच डॉक्टरांनी मूर्तीवाल्याला जिन्यात गाठून सांगितलं होतं, “आता घशाखाली काही उतरणार नाही. ओल्या कापसाने ओठ भिजवत राहा.” जिना चढून वर येईपर्यंत त्याचं झालं होतं, “आठवड्याभरात जेवायला लागशील म्हणाले!” थापा मारण्यात त्याचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. पण ही थाप त्यालाच पेलेना. तिला टेकू हवा होता.

संताला इथे आणण्याआधी पुढच्या खोलीतल्या आपल्या कारखान्यात त्याने त्याच्या मुठीत खिळा घालून पाहिला, ब्रशचा दांडा पाहिला. काही बसेना. मग स्वयंपाकघरात फळीवर कोरडा पडलेला चमचा हाताला लागला. तो बसला, चपखल. विचार न करता त्याने वर सोनेरी रंग मारला.

“हा मठातला आचारी,” तो आता रंगात आला. “शहराला वेढा पडला. कोठारातले उंदीरसुद्धा उपवास करायला लागले. याने रिकाम्या पातेल्यात चमचा फिरवला, तर काठापर्यंत सूप! वासावर शत्रूचा राजा आला. त्याच्या घशात ही एवढी गाठ, पाण्याचा घोट उतरेना. याने एक चमचा भरवला. राजाने पातेलं संपवलं, मग घोडा खाल्ला...”

“खोगिरासकट?” ती कुजबुजली.

“छे गं! खोगीर दुसऱ्या दिवशी. पोटात जागा नको?”

ती हसली, आणि हसण्याचा खोकला झाला. त्याने तिचे ओठ पुसले.

“घशाचा तर ब्लेझ. त्याला सांगून सांगून थकले मी.”

“त्याच्याकडे गर्दी असते. याला कोण विचारतंय? याला तुझं एकटीचंच काम.”

ती संताकडे बघत राहिली. आशा असावी, असं त्याला वाटलं. मग तिने हात पुढे केला. चमच्यावरून बोट फिरवलं, दांडा जिथे जरासा वाकला होता तिथे थांबवलं. सोनेरी रंग अजून ओला होता. तो तिच्या बोटाला लागला, खालून स्टील दिसलं.

“अहो, हा माझा चमचा आहे. डब्याचं झाकण उचकटताना मीच वाकवलेला.”

त्याला एकही संत आठवेना.

“खोटं बोलताय तुम्ही,” ती म्हणाली. आवाज उरला नव्हता, तरी खोलीभर ऐकू आलं. “आठवड्याभरात मी जेवणार होते ना? मग माझा चमचा का देऊन टाकलात?”